रमी, सनद आणि एक कोटेशन

कोटेशन घेऊन जाण्याआधी गिऱ्हाइकाची जुनी वेबसाइट एकदा बघायची, ही माझी सवय. त्या शनिवारी सकाळी चहा पिता पिता वकीलसाहेबांच्या कार्डावरचा पत्ता मोबाइलमध्ये टाकला, तर हिरव्या टेबलावर पत्ते पिसले जायला लागले. पहिल्या डावाला बोनस, जिंकलेले पैसे लगेच खात्यात. टाइप करताना चुकलो असेन म्हणून कार्ड पुन्हा वाचलं. अक्षरन् अक्षर बरोबर. जुन्याजाणत्या वकिली फर्मच्या नावाने कुणीतरी रमीचा अड्डा चालवत होतं, आणि तोही पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने मंजूर करून महिनाही झालेला नसताना.

हे सांगायचं कसं, याचा विचार करत कोल्हापुरातल्या शाहूपुरीत त्यांच्या ऑफिसात पोचलो.

२०२५ चा सप्टेंबर, दुसरा शनिवार. १८ ऑगस्टपासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं होतं. त्यासाठी इथल्या वकिलांनी कित्येक वर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली, कामबंद केलं. आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर अशा सहा जिल्ह्यांची कामं यायला लागली. सावंतवाडीचा माणूस इथे येण्याआधी मोबाइलवर शोधणार, हे वकिलांच्याही ध्यानात आलं. मी अकरा वर्षं वेबसाइट बनवायच्या धंद्यात आहे. क्लासवाले, दवाखाने, गूळवाले, चपलांची दुकानं सगळं केलंय. वकील पहिल्यांदाच. खोटं कशाला बोलू, दातांच्या दवाखान्याचं जुनं कोटेशन उघडून 'डॉक्टर'च्या जागी 'ॲडव्होकेट' टाकलं होतं.

आकडा होता १,८५,०००. बारा पानांचं डिझाइन आणि जोडणी ६०,०००. फोटो, व्हिडिओ आणि पहिल्या पानावर फिरणाऱ्या चित्रांसाठी ३५,०००. गुगलवर वर येण्याचं काम आणि सहा महिन्यांच्या जाहिराती सांभाळायचे ४८,०००. चॅटबॉट १५,०००. अशिलांचे अभिप्राय आणि जिंकलेल्या केसेसचं पान १२,०००. डोमेन-होस्टिंग, म्हणजे वेबसाइटचं नाव आणि तिला लागणारी जागा, ८,०००. मराठी-इंग्रजी मजकूर ७,०००. शेवटचा आकडा लक्षात ठेवा.

ऑफिसात वकीलसाहेब, त्यांची पुतणी म्हणजे फर्ममधल्या धाकट्या भागीदार ताई, एक ज्युनिअर आणि कारकून. साहेब सत्तरीला टेकलेले. कोर्टाला सुट्टी म्हणून पांढऱ्या शर्टावर स्वेटर.

रमीचं आधीच सांगून टाकलं. लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. ज्युनिअर फिस्सकन हसला आणि लगेच खोकला आला असं दाखवत बाहेर गेला. साहेब बराच वेळ पत्त्यांकडे बघत राहिले. मग विचारलं, "हे आमच्या नावाने कधीपासून चालू आहे?"

जुनी वेबसाइट ज्या मुलाने केली होती, त्याने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेलवर घेतलं होतं. तो धंदा सोडून परगावी गेला. मुदत संपत आल्याची पत्रं त्याच्या बंद पडलेल्या मेलवर जात राहिली. मुदत संपली की आधी काही दिवस सवलतीचे, मग महिनाभर दंड भरून सोडवून घ्यायची मुभा, आणि त्यानंतर पाच दिवसांत नाव बाजारात मोकळं. जुन्या नावांवर टपून बसलेली माणसं असतात, कारण अशा नावाला गुगलकडे थोडी पत असते. फर्मची ती पत रमीवाल्याने हजारभर रुपयांत उचलली होती.

"आणि मेल?" साहेबांचा दुसरा प्रश्न. मी एवढा पुढचा विचार केला नव्हता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत फर्मचा मेल त्याच नावावर होता. बँका, विमा कंपन्या, समोरच्या बाजूचे वकील, सगळ्यांच्या यादीत तोच पत्ता. तिथल्या तिथे तपासलं. रमीवाल्याने मेलची नोंद केलेली नव्हती, म्हणजे पत्रं परत जात होती. पण ज्याच्या हातात डोमेन, त्याला ती नोंद करायला पाच मिनिटं लागतात. मग कुणाच्याही वाटणीच्या दाव्याची कागदपत्रं त्याच्या घरी. साहेबांनी कारकुनाला हाक मारली, "ई-फायलिंगचं खातं कुठल्या मेलवर काढलंय, बघा आधी." ते जीमेलवर निघालं. खोलीतल्या सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला.

नाव परत मिळवता येईल का? येतं. डॉट कॉमसाठी जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार करता येते, एका नावाची फी दीड हजार डॉलर. त्या नावावर आपला हक्क आहे, समोरच्याचा नाही आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं, हे तिन्ही दाखवावं लागतं. साहेबांनी दोन मिनिटं मनातल्या मनात केस चालवली असावी. "आडनावाची फर्म. ट्रेडमार्क नोंदलेला नाही. आपल्याच चुकीने मुदत गेली. नको. नवीन नाव घ्या आणि ही कार्डं आजच फाडा." कारकून कार्डांचा गठ्ठा मोजायला लागला. साडेचारशे निघाली.

मग कोटेशन. साहेबांनी लाल पेन घेतलं.

मला वाटलं घासाघीस होणार. ती झालीच नाही. त्यांनी ॲडव्होकेट्स ॲक्टचं जाडजूड पुस्तक काढून बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेचा नियम ३६ उघडला. वकिलाने जाहिरात करायची नाही, प्रत्यक्ष वा आडून काम मागायचं नाही. दाराच्या पाटीचा आकारसुद्धा बेताचा हवा. सुप्रीम कोर्टात याचिका झाल्यावर २००८ साली त्याला एक परंतुक, म्हणजे अपवाद, जोडलं गेलं, आणि वेबसाइटला वाट मिळाली. तीही अरुंद. नाव, पत्ता, फोन, मेल, सनद म्हणजे वकिलीच्या परवान्याचा क्रमांक, सनदेची तारीख, कुठल्या राज्याची बार कौन्सिल, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं. वर, दिलेली माहिती खरी आहे असं जाहीर करायचं.

"आता तुमचं बघू." जाहिरातींच्या ४८ हजारांवर काट. अभिप्राय आणि जिंकलेल्या केसेस, काट. ताईंनी एकदा प्रयत्न केला, "काका, मुंबईतली मंडळी रील करतात." साहेब म्हणाले, "मार्चमध्ये बार कौन्सिलने त्याच्यावरच पत्रक काढलंय. आणि गेल्या वर्षी मद्रास हायकोर्टाने वकिलांची दुकानं मांडणाऱ्या पोर्टलवाल्यांना काय सुनावलं, ते वाचलंस ना?" ताईंनी वाचलं होतं.

पहिल्या पानासाठी मी मोठ्या अक्षरात टाकलं होतं: 'जिल्हा बार असोसिएशनचे माजी अध्यक्ष'. साहेबांचा आवडता मुद्दा असणार, असा माझा अंदाज. तोही गेला. नियमात सरळ लिहिलंय, पाटीवर बारचा अध्यक्ष होतो, न्यायाधीश होतो, असं काही लावायचं नाही. दुसरे भागीदार निवृत्त जिल्हा न्यायाधीश. त्यांच्या फोटोखाली मी तेच लिहिलं होतं. साहेब म्हणाले, "पाटीवर चालत नाही ते इथे कसं चालेल? वेबसाइट म्हणजे जरा लांबून दिसणारी पाटी." माझं सगळं मार्केटिंग त्या एका वाक्यात आटोपलं.

चॅटबॉटवर मात्र मी भांडलो. रात्री अकरा वाजता माणूस अडचणीत असतो, त्याला दोन ओळी लिहायला जागा नको का? साहेबांनी पेन खाली ठेवलं. "समजा, इचलकरंजीचा एक भाऊ रात्री तुमच्या त्या बॉटला आपली सगळी बाजू सांगून बसला. आणि दुसरा भाऊ महिन्यापूर्वीच आमच्याकडे वकीलपत्र देऊन गेलाय. आता मी काय करू? वाचलं तर पंचाईत, न वाचावं तर ते माझ्या मेलमध्ये पडलंय." अशील वकिलाला जे सांगतो ते गुप्त ठेवायचं बंधन आधी पुरावा कायद्यात होतं, आता नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. मला ते कलम माहीत असायचं कारण नव्हतं. पण अकरा वर्षं मी प्रत्येक वेबसाइटवर 'तुमची समस्या थोडक्यात लिहा' असा चौकोन डोळे झाकून टाकत आलो होतो. इथे तो काढून टाकला. राहिलं नाव, फोन, गाव आणि समोरच्या पक्षाचं नाव. खाली ठळक अक्षरात: केसची हकिकत इथे लिहू नये. हा चौकोन करायला पंधरा मिनिटं लागतात, त्याचे मी काही लावले नाहीत.

बारा पानांची सात झाली, ६० हजारांचे ३८. फिरणारी चित्रं गेली; प्रत्येकाचा साध्या पार्श्वभूमीवर एक फोटो, ८,०००. माझा चेहरा उतरलेला ताईंना दिसला असावा. त्यांनी चहा मागवला.

चहा घेता घेता साहेबांचं बोट शेवटच्या ओळीवर गेलं. "फिरत्या चित्रांचे पस्तीस आणि शब्दांचे सात? आमचा तर धंदाच शब्दांचा."

मग शब्दांचा विषय निघाला आणि दुपार गेली. मोठ्या फर्मच्या वेबसाइटवर आधी एक खिडकी उघडते: आम्ही जाहिरात करत नाही, तुम्ही स्वतःहून माहिती बघायला आलात, मान्य असेल तर पुढे जा. साहेबांनी ती मराठीत सांगायला घेतली. पहिलं वाक्य 'सदरहू संकेतस्थळास स्वेच्छेने भेट देणाऱ्या व्यक्तीने' असं सुरू झालं आणि साठेक शब्दांनंतर क्रियापद आलं. मी म्हणालो, साहेब, गडहिंग्लजचा माणूस हे एसटीत उभ्याने मोबाइलवर वाचणार आहे. "मग तुम्ही सांगा." मी सांगितलं. त्यात 'सल्ला' आणि 'माहिती' यांची गल्लत होते म्हणून त्यांनी खोडलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी उरलं ते असं: 'ही जाहिरात नाही. इथली माहिती हा कायदेशीर सल्ला नाही. ही वाचली म्हणून तुम्ही आमचे अशील होत नाही.' तीन वाक्यांना पावणेदोन तास. दर काय लावायचा, सांगा.

त्याशिवाय साहेबांनी पंधरा वर्षांत लिहिलेली टिपणं होती. वारस नोंद, कब्जा, कुळकायदा, सगळं साध्या मराठीत. पण टाइप श्री-लिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. ब्राउझरमध्ये उघडलं की नुसता इंग्रजी चिन्हांचा खिचडा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार मधूनच उडतात, आणि सातबाऱ्याच्या टिपणात एक रफार उडाला तरी अर्थाचा अनर्थ होतो. म्हणजे प्रत्येक पान माणसाने वाचायलाच हवं. ही टिपणं नियमात बसतात का, यावर काका-पुतणीचं थोडं वाजलं. ठरलं असं की कुठल्याही केसचा उल्लेख नाही आणि टिपणाखाली 'संपर्क करा'चं बटण नाही. मजकुराचे सातचे बावीस हजार झाले. मी मागितले नव्हते, त्यांनीच लिहिले.

"पहिल्या वर्षाचा आकडा कुणीही सांगतो," साहेब म्हणाले. "तिसऱ्या वर्षी काय?" होस्टिंगवाले पहिल्या वर्षी स्वस्त देतात आणि नूतनीकरणाला दर चढवतात, गिऱ्हाइकाला हे आम्ही सहसा त्या वेळीच सांगतो. इथे आधीच मांडावं लागलं. एकदाचा खर्च ३८, ८ आणि २२ मिळून ६८,०००. पहिल्या वर्षी डोमेन-होस्टिंग ८,०००, सहा जणांचा स्वतंत्र मेल ११,०००. एकूण ८७,०००. पुढची दोन वर्षं होस्टिंग १३, मेल ११ आणि देखभाल १२, म्हणजे वर्षाला ३६,०००. तीन वर्षांचे मिळून १,५९,०००. माझ्या सकाळच्या पहिल्या वर्षाच्या आकड्यापेक्षाही कमी. सहीचं विचारलं तर कारकून पुटपुटला, "पंधरवडा चाललाय नव्हं." सही घटस्थापनेला, २२ तारखेला करायची ठरली.

उठता उठता करारात साहेबांनी स्वतःच्या हाताने एक कलम घातलं. डोमेन आणि होस्टिंगचं खातं फर्मच्या नावे, फर्मच्या मेलवर आणि फर्मच्या मोबाइलवर राहील. काम करणाऱ्याला फक्त वापरापुरती परवानगी. लिहून झाल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे बघत सहज विचारलं, "तुमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांची कुणाच्या नावावर असतात?"

"त्यांच्याच," मी म्हणालो.

रात्री जेवण झाल्यावर माझं खातं उघडलं. तेवीस डोमेनं. त्यातली चौदा माझ्या नावावर, माझ्या मोबाइलवर. कुणाला फसवायचं म्हणून नव्हे. गिऱ्हाइकाकडून ओटीपी मागत बसण्यापेक्षा बरं, एवढंच. परगावी गेलेल्या त्या मुलानेही बहुतेक असाच विचार केला असेल. उद्या माझं काही बरंवाईट झालं तर एका दवाखान्याच्या आणि दोन क्लासच्या नावाने पत्ते पिसले जातील.

तेव्हाच पहिला फोन लावला, पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या गूळवाल्या काकांना. सगळं समजावलं.

"राहू दे की तुमच्याच नावावर. मला कुठं कळतंय त्यातलं?"

"तसं नको, काका. फक्त तुमचा मेल सांगा, बाकी मी करतो."

"मेल?" काका हसले. "तो बी तुम्हीच काढून दिलाय की. पासवर्ड तुमच्याकडंच हाय."