आवाज न करता उठणं

लवकर उठण्याबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात सगळं असतं. कोमट पाणी असतं, दहा मिनिटांचं ध्यान असतं, दिवसभराच्या कामांची यादी असते, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायची सूचना असते. पण पाच वाजता उठलेल्या बाईने हॉलमध्ये गादी घालून झोपलेल्या मुलाला ओलांडून, दिवाणावरच्या सासूबाईंना जाग येऊ न देता स्वयंपाकघरापर्यंत पोचायचं कसं, हे कुणीच लिहीत नाही. सल्ले देणाऱ्यांची घरं मोठी असावीत. आमचं डोंबिवलीतलं घर वन बीएचके आहे, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला तर गजर वाजल्यावर भलतंच माणूस उठतं.

मला उठायचा त्रास कधी झाला नाही. त्रास होतो तो उठल्यानंतर. दिवसभर जी वस्तू मुकाट असते ती पहाटे बोलायला लागते. बेडरूमच्या दाराची बिजागरी, पंख्याचं बटण, फ्रिजचं दार. गॅसचा लायटर तर असा कडाडतो की मी काडेपेटीवर आले. चहाला आलं खलबत्त्यात ठेचायची पद्धत सोडून किसणी घेतली. दूध तापवताना डोळा सतत पातेल्यावर, कारण ते उतू गेलं तर पुसणं परवडतं, पण घाईत ओट्यावर आपटलेली सांडशी परवडत नाही. फ्लशबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांची घरं लहान आहेत त्यांना कळेल.

गंमत म्हणजे मुलाच्या शाळेच्या काळात मी याच वेळेला उठत होते आणि तेव्हा घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, चटणीसाठी मिक्सर फिरत होता, पोळपाट ओट्यावर हादरत होता, शिवाय माझा आवाज होताच. साडेसहाला बस यायची. चौथीपर्यंतच्या वर्गांची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये असं सरकारने सांगितलं ते २०२४ मध्ये. तोपर्यंत आमचे चिरंजीव कॉलेजात पोचले होते. त्या वर्षांत मला कुणी ‘लवकर उठणारी’ म्हटल्याचं आठवत नाही. तेव्हा मी उठत नव्हतेच, मुलाचा डबा उठत होता. आणि त्या आवाजाबद्दल कुणी कुरकुरही केली नाही. नवरा मिक्सरच्या घरघरीत गाढ झोपायचा. आता डबा नाही, बस नाही, मी माझ्या हौसेने उठते, तर चमचा पडला तरी आतून विचारणा होते, “काय पडलं?”

विचार करता करता माझ्या लक्षात आलं ते इतकंच, की ज्या उठण्यातून घराच्या पोटात काही पडणार असतं, त्याचा आवाज घराला ऐकू येत नाही. बाई स्वतःसाठी उठली की मात्र साऱ्यांचे कान तीक्ष्ण होतात. आमच्या सोसायटीचा वॉचमन साडेपाचला पाण्याचा पंप लावतो. तळमजल्यावरून गच्चीपर्यंत इमारत हुंकारते, पण कुणाची कूस बदलत नाही. पाणी सगळ्यांचं आहे ना.

जुनी पहाट तर नुसती आवाजाचीच होती. जात्याची घरघर ही काही हळू होणारी गोष्ट नव्हे. दगडावर दगड फिरणार, आणि वर बाई गाणार. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. त्यात भाऊ आहे, माहेर आहे, विठ्ठल आहे, आणि सासरच्यांबद्दल दिवसा तोंडातून निघणार नाहीत अशा गोष्टीही आहेत. मला वाटतं, ते सगळं म्हणता येत होतं ते जात्याच्या आडोशानेच. सासू जागी झालीच तरी तक्रार काय करणार? भाकरी तिलाही हवी असे. शिवाय वासुदेवाच्या चिपळ्या, कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळातला काकडा, इकडे गिरणगावात गिरण्यांचे भोंगे. आकाशवाणी आली तिनेही हीच रीत पाळली. सकाळची ती संकेतधून वाल्टर कॉफमन या परदेशी संगीतकाराने बांधलेली, पण आमच्या आळीत ती एका घरातल्या रेडिओवर लागली की चार घरं उठत. पाच मिनिटांच्या संस्कृत बातम्या सुरू झाल्या की सात वाजत आले हे कळायचं. संस्कृत कळायची गरज नव्हती.

पहाट म्हणजे सगळ्यांना उठवायची वेळ, असा तेव्हाचा सरळ हिशेब होता. आपण मात्र उठतो आणि बाकीचे उठू नयेत म्हणून धडपडतो. कायद्याचं म्हणाल तर तोही झोपणाऱ्यांच्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे जे नियम आहेत त्यांत रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसाची ५५. म्हणजे पाच वाजता मी आंघोळ करून, गंध लावून, कितीही प्रसन्न चेहऱ्याने बसले असले तरी सरकारदरबारी ती मध्यरात्रच. मिक्सर सहानंतर.

आणि पाच म्हणजे तरी नक्की काय? माझं माहेर नागपूरचं. तिथे मे-जूनमध्ये साडेपाचला सूर्य वर आलेला असतो. अंगणात खाटा टाकून झोपलेल्या आम्हाला आई “उजेड पाहा किती झाला” म्हणून उठवायची आणि तेव्हा घड्याळात पाच-सव्वापाच असायचे. डोंबिवलीला आल्यावर पहिल्या जानेवारीत मी सवयीने पाचला उठले, तर बाहेर मिट्ट काळोख. सूर्य उगवला सव्वासातच्या सुमाराला. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेलं, आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. १९०६ साली प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईकरांनी ती सहजासहजी घेतली नाही. गिरणी कामगारही त्या वेळेविरुद्ध उभे राहिले होते. शहराची स्वतःची वेळ ३९ मिनिटं मागे होती आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं ती शहरात टिकून होती. त्या जुन्या घड्याळाने पाहिलं तर मी आज पाचला उठते म्हणजे चार वाजून एकवीस मिनिटांनी उठते. हे मी नवऱ्याला सांगितलं. “मग जुन्या घड्याळाप्रमाणे झोप,” असं तो म्हणाला आणि कूस बदलली.

ब्राह्म मुहूर्ताचंही तसंच. तो सूर्योदयाआधी ९६ मिनिटांनी लागतो आणि ४८ मिनिटं चालतो. जानेवारीत आमच्याकडे तो साडेपाच वाजून गेल्यावर लागतो, जूनमध्ये साडेचारच्याही आधी. पहाटे पाचचा आग्रह धरणाऱ्यांना हे सांगितलं की ते विषय बदलतात.

पण काळोख असो की उजेड, या वेळेला एक गोष्ट मात्र खास असते. आवाज लांबून येतात. स्टेशन आमच्यापासून काही जवळ नाही, दिवसा तिथलं काही ऐकू येत नाही, पण पहाटे गाडी फलाटाला लागताना चाकांचा आवाज स्वयंपाकघरात येतो. रात्रीत जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची त्याहून उबदार राहते, मग आवाज वर निघून न जाता पुन्हा खाली वळतो. शेवटची लोकल आणि पहिली लोकल यांच्यामध्ये या मार्गाला जेमतेम तीन-एक तासांची झोप मिळते. पहिल्या गाड्यांना कोण जातं ते माझ्या लग्नानंतरच्या नोकरीत मी पाहिलं आहे: फुलांच्या टोपल्या, मासळी, रात्रपाळीचे वॉर्डबॉय, आणि उभ्याउभ्या झोप पुरी करणाऱ्या बायका. त्यांच्यापुढे माझं पाचला उठणं म्हणजे चैन. पण चैन आहे म्हणून ती सोडावी असं काही मला वाटत नाही.

तर या चैनीत करायचं काय? व्यायाम करून पाहिला. उडी मारली की खालचे काका उठतात. पेपर उशिरा येतो, आणि आला तरी मोठं पान उलटताना इतका कर्रकन आवाज होतो की मी पेपर बाथरूममध्ये उलटून आणत असे. मग जी कामं मुकी आहेत तीच पहाटेची, असं आपोआप ठरत गेलं. हिशेब लिहिणं. बाजूला पडलेले दिवाळी अंक वाचणं, त्यातल्या कविता सोडून. उसवलेली शिवण घालणं, सुई-दोऱ्याने, मशीनवर नव्हे. लसूण सोलणं.

पण मुक्या कामांचा राजा म्हणजे वालाच्या डाळिंब्या सोलणं. नागपूरला हा प्रकार आम्हाला ठाऊक नव्हता, तो सासरी आल्यावर शिकले. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेका दाण्याचं साल काढायचं. अंगठ्याने दाबलं की दाणा सुळकन बाहेर येतो, आणि साल हातात राहतं. पाव किलो वालाला चांगला तासभर लागतो. दिवसा हा तास कुणाकडे नसतो, म्हणून बाजारात सोललेल्या डाळिंब्यांना अव्वाच्या सव्वा भाव मिळतो. पहाटे हे काम कुणाच्या अध्यात न मध्यात.

असंच एकदा पाच वाजून गेले असावेत, मी स्वयंपाकघरात बसले होते आणि दारात मुलगा उभा. पाण्याची बाटली घ्यायला आलेला.

“आई, तू अजून झोपली नाहीस?”

“अरे, मी उठलेय.”

तो थोडा वेळ माझ्याकडे आणि वाटीतल्या सालांकडे बघत राहिला. “मी झोपायला चाललोय,” म्हणाला आणि गेला. म्हणजे इतके दिवस ज्याला ओलांडताना मी श्वास धरत होते, तो पांघरुणाखाली कानात इअरफोनची बोंडं घालून जागा होता. शरीरातलं घड्याळ कसं चालतं हे उलगडल्याबद्दल २०१७ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. ते घड्याळ विशीच्या आसपास उशिराकडे झुकतं आणि म्हातारपणी लवकरकडे, हे मी कुठेतरी वाचलं होतं. आमच्या हॉलमध्ये ही दोन्ही टोकं तीन फुटांवर झोपतात हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना सरळ विचारलं, “आई, माझ्या वावरण्याने तुमची झोप मोडते का हो?”

“कसली झोप?” त्या म्हणाल्या. “मी चारलाच जागी असते. उठले की भांडं वाजायचं, तुम्हाला त्रास. म्हणून पडून राहते.”

किती वर्षं, ते मी विचारलं नाही. मला बिजागरीला तेल घालायचं सुचलं होतं आणि त्या चारपासून छताकडे बघत, कूससुद्धा न बदलता पडून होत्या.

आता त्याही येतात. भिंतीला टेकून पाटावर बसतात आणि माझ्या दुप्पट वेगाने वाल सोलतात. पण त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज दोन खोल्यांत पोचते. रोह्याकडच्या त्यांच्या लहानपणीच्या जात्याच्या गोष्टी: समोरासमोर दोघी बसल्या की खुंट्यावर हात कसे बसवायचे, एकीला डुलकी लागली तर दुसरी ओवी मुद्दाम वरच्या पट्टीत कशी धरायची. मध्येच धरतातही. मी आधी “हळू, हळू” करायचे. आता करत नाही. माझा तो एकटीचा तास गेला याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. एकदा मी गुपचूप सव्वाचारला उठून पाहिलं, तर त्या दिवाणावर उठून बसलेल्या. “आज लवकर?” म्हणाल्या आणि केस बांधायला लागल्या.

नवऱ्याची एकदाही तक्रार आलेली नाही. डाळिंब्यांची उसळ, तिच्यावर खोबरं-कोथिंबीर आणि गरम भात हे त्याचं कारण असावं. आठवड्याला ती होते आहे.

काल वालाचा डबा रिकामा झाला, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, “आता काय सोलायचं?” वाण्याकडे कडवे वाल आलेत, त्याने सांगितलंय, पण जुने देईल, बघून घ्यायला हवेत. शनिवारी पहाटे सोलायचे तर गुरुवारी भिजत पडायला पाहिजेत. आज बुधवार आहे, आणि दुकान नऊला बंद होतं.