सही कुणाची?

मंगळवार, रात्रीचे अकरा

घसा पार बसलाय. वीस पोरांचे चार गट पाडले की वर्गाचा इंदूरच्या सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार होतो, जो तो ओरडतो आणि ऐकणारा कुणीच नसतो.

आज पत्रकारितेच्या नीतीच्या तासाला बावडीचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचा, विषय काढला. 30 मार्च 2023, रामनवमी. बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरचं छत खचलं आणि 36 माणसं गेली. इंदुरात ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही. पोरं तेव्हा शाळेत होती, तरी आकडा कसा वाढत गेला ते त्यांना आठवतं. गटांना दिलेला प्रसंग मात्र मी रचलेला होता. अशीच एक दुर्घटना, रात्रीचे दहा, साडेअकराला पान छपाईला सोडायचंय. इस्पितळातल्या ओळखीच्या माणसाने मृतांची नावं पाठवली आहेत, पण त्यातल्या तिघांची खातरजमा नाही. दुसऱ्या एका पेपरच्या वेबसाइटवर तीच यादी केव्हाच लागली आहे. काय कराल?

तिसरा गट चार मिनिटांत मोकळा. "मॅम, नहीं छापेंगे. सबकी सहमति है."

उत्तर बरोबर होतं, पण मॅमना काय आवडेल ते हेरून दिलेलं. विचारलं, मग खातरजमा कोण करणार? त्या तीन घरी फोन कोण लावणार? पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, डेस्क. अरे, डेस्क म्हणजे कोण?

मग पहिल्या गटातल्या एका हुशार पोराने मुद्दा काढला. प्रेस कौन्सिल, म्हणजे वर्तमानपत्रांवर लक्ष ठेवणारी संस्था, चूक झाली तर समज देते, ताशेरे ओढते, दंड काही करू शकत नाही. तर घाबरायचं कशाला? त्याची माहिती खरी आहे. 1978 च्या कायद्याने कौन्सिलला तेवढाच अधिकार दिलाय, आणि टीव्ही तर तिच्या कक्षेतही येत नाही. मी एरवी यावर पंधरा मिनिटं बोलते. आज मागच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडणारी मुलगी बोलली. तिच्या मामाचा अपघात झाला तेव्हा आजीला ते कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या फोटोवरून कळलं होतं. घरचं माणूस पोहोचायच्या आत. "आजी अजूनही फोन वाजला की दचकते," एवढंच म्हणाली आणि बसली. ही मराठी घरातली, मला सांगताना नकळत मराठीत बोलून गेली. बाकीच्यांना शब्द कळले नसतील, पण वर्ग गप्प झाला.

मला माझी ती रात्र आठवली. पंधराएक वर्षं झाली. एका पेपरात होते तेव्हा बस अपघाताच्या मृतांच्या यादीत जखमी माणसाचं नाव लागलं. सकाळी त्याचा भाऊ कचेरीत आला, पेपरची घडी हातात. आरडाओरडा नाही केला. फक्त विचारलं, हे कुणी लिहिलं? त्या रात्री आम्ही चौघं डेस्कवर होतो. एकाने यादी घेतली, दुसऱ्याने टाइप केली, मी मथळा दिला, चौथ्याने पान सोडलं. चौघांनीही एकमेकांकडेच पाहिलं, आजच्या पोरांसारखं. ते नाव नेमकं कुणाच्या हातून गेलं, ते मला आजही सांगता येत नाही. माझ्याच हातून नसेल, असं तरी कसं म्हणू?

हे पोरांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं बहुधा.

शेवटची दहा मिनिटं उरली होती. म्हटलं, गटाचा निर्णय नको. कागदावर प्रत्येकाने आपलं काम लिहायचं आणि खाली सही करायची. सकाळी त्या घरून फोन आला तर कुणाला द्यायचा, ते नावासकट. लगेच कुजबुज सुरू झाली, वीसपैकी दोघांनी पेन नसल्याचं सांगितलं. (पत्रकारितेचे विद्यार्थी!) पहिल्या गटाने फोनसाठी त्या हुशार पोराचं नाव टाकलं, त्याने ते वाचलं आणि शांतपणे सही केली. हे मला अपेक्षित नव्हतं.

आता पोह्याची ताटली बाजूला सारून कागद बघतेय. मार्क कसे द्यायचे कळत नाही, कारण चारही गटांनी लिहिलंय तेच, छापणार नाही. तिसऱ्या गटाच्या कागदावर सह्या पाच आहेत, पण एक करून मग खोडलेली. जोरात, कागद फाटेपर्यंत.

कुणाची ते ओळखू येतंय. गुरुवारी त्याला एकट्याला बोलवू का?