सोलापुरात रीफ टँक: शेवाळ हटेना, कारण टॉप-अपचं पाणी

‘टीडीएस साठ आहे, एकदम झकास पाणी!’ प्युरिफायरच्या मेकॅनिककडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं तरी चीड येते. टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये. पिण्यासाठी ते पाणी झकास असेलही. पण रीफ टँकमधलं, म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं, केसाळ हिरवं शेवाळ काही केल्या हटत नसेल, तर सोलापुरात मी सगळ्यात आधी त्या साठकडेच बोट दाखवीन. ती गाठ सुटेपर्यंत दिवे कमी करा, खाणं कमी करा, हाताने ओढून काढा, पंधरा दिवसांत सगळं जसंच्या तसं परत येतं.

माझा टँक ९० × ४५ × ५० सेंटिमीटरचा, म्हणजे ढोबळमानाने २०० लिटर. आत झोआ, मश्रूम, लेदर ही कोरल आणि मोजके मासे. चिलर नाही, पंखे आहेत. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे पंख्याने पाणी तीनचार अंशांनी सहज उतरतं, पण त्याची किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते. एप्रिल-मेमध्ये एवढ्या टँकमधून रोज चार लिटर पाणी उडतं. उडतं ते शुद्ध पाणी; मीठ, शेवाळाचं खत ठरणारे नायट्रेट आणि फॉस्फेट, सिलिका सगळं मागे राहतं. टॉप-अपच्या, म्हणजे उडालेलं भरून काढायला घातलेल्या, पाण्यातून जे येईल ते त्यावर रोज साचत जातं. पुण्या-मुंबईच्या टँकवाल्यांचे सल्ले इथे तोकडे पडतात ते यामुळेच.

आता हिशेब बघा. कच्च्या पाण्याचा टीडीएस ६००, मेंब्रेनमधून (प्युरिफायरमधल्या आरओच्या गाळणीतून) बाहेर येणाऱ्या पाण्याचा २० आणि तुमच्या ग्लासातला ६०. मधले चाळीस कुठून आले? प्युरिफायरमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा स्क्रू असतो. चव यावी म्हणून तो मेंब्रेनला वळसा घालून थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. वरच्या आकड्यांत ते साधारण ७ टक्के होतं, म्हणजे दर १०० लिटरमागे ७ लिटर कच्चं पाणी. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालवून घेतं. समजा तुमच्या पाण्यात ४० आहे. सात टक्क्यांतून जवळजवळ ३ आलं. मेंब्रेनही नायट्रेट पूर्ण अडवत नाही, दहाएक टक्के सोडतं, त्याचे आणखी ४ धरा. असे ७ मिलिग्रॅम गुणिले रोजचे ४ लिटर, भागिले २०० लिटर: महिन्याला ४ पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅमच्या) पुढे नायट्रेट नुसत्या टॉप-अपमधून. माशांचं खाणं, विष्ठा हे वेगळंच. आणि पाणी बदलायला मीठही त्याच पाण्यात कालवलं असेल तर पाणी बदलूनही नायट्रेट हवं तेवढं उतरत नाही.

उजनीचं पाणी पुण्याकडच्या सांडपाण्याचा भार घेऊन येतं, धरणात दरवर्षी हिरवा थर धरतो, हे सोलापूरकरांना नव्याने सांगायला नको. बोअरचं पाणी वापरत असाल तर बेसॉल्टमधून आलेली सिलिका असतेच. काचेवर आणि वाळूवर पुन्हा पुन्हा येणारा तपकिरी थर तिच्यावर वाढतो. सिलिका टीडीएस मीटरला दिसतच नाही, कारण पाण्यात ती विद्युतभार नसलेल्या रूपात असते आणि मीटर मोजतो ती फक्त विद्युतवाहकता.

फॉस्फेटची गोष्ट याहून वाईट. जड पाण्याच्या भागात मेंब्रेनवर क्षार बसू नयेत म्हणून आधी अँटिस्केलंटचं कार्ट्रिज लावतात. अशा बऱ्याच कार्ट्रिजमध्ये पॉलिफॉस्फेटचे काचेसारखे गोळे असतात, ते हळूहळू विरघळतात. मेंब्रेन ते अडवतं, पण टीडीएस कंट्रोलर कच्चं पाणी घेतो ते या गोळ्यांवरून आलेलं. ग्लासातल्या पाण्याची फॉस्फेट टेस्ट केली तर आकडा शून्याजवळ येतो, कारण घरगुती टेस्ट फक्त ऑर्थोफॉस्फेट, म्हणजे सुटं फॉस्फेट, पकडते. टँकमध्ये गेल्यावर पॉलिफॉस्फेट तुटून ऑर्थोफॉस्फेट होतं आणि शेवाळ ते लगेच उचलतं. टँकची टेस्ट घेतली तर तिथेही शून्य. टेस्टमध्ये दिसतं ते शेवाळाने खाऊन उरलेलं, हे कायम लक्षात ठेवा. दगडावर हिरवी लव आणि टेस्टमध्ये शून्य, असं असेल तर टेस्टवर विश्वास ठेवू नका, दगडावर ठेवा.

आणि कॉपर! हल्ली निम्म्या जाहिराती ‘कॉपर’वाल्या प्युरिफायरच्या असतात. तांब्याचं ते कार्ट्रिज गोगलगायी, कोळंबी आणि कोरलसाठी विषच आहे. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी टँकमध्ये टिकत नसतील, काचेवरून खाली पडून तशाच पडून राहत असतील, तर आधी प्युरिफायरवर काय लिहिलंय ते वाचा.

माझा खरा संताप सर्व्हिसवर आहे. स्क्रू पूर्ण बंद करून घ्यायचा आणि पुढच्या सर्व्हिसला येणाऱ्या माणसाने न विचारता ‘चव येत नाही’ म्हणून तो परत उघडायचा. समजावून सांगितलं तर उत्तर एकच, ‘माणसं पितात, माशाला काय होतंय?’ त्यामुळे घरच्या प्युरिफायरवर अवलंबून राहायचं असेल तर टँकची लाइन कायमची वेगळी काढा. ती अशी:

मेंब्रेनच्या शुद्ध पाण्याच्या नळीवर, टीडीएस कंट्रोलरच्या जोडाच्या आधी, पाव इंची पुश-फिट टी (तीन तोंडांचा जोड) बसवा. टी आणि त्या जोडाच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. बहुतेक जण तो विसरतात. तुमची लाइन उघडली की टीपाशी दाब पडतो आणि कंट्रोलरमधलं कच्चं पाणी उलटं फिरून तुमच्याकडेच येतं. टीनंतर बॉल व्हॉल्व्ह, मग उरलेसुरले क्षार पकडणाऱ्या मिक्स्ड-बेड डीआय रेझिनचं १० इंची हाउसिंग, पाणी खालून वर जाईल असं उभं लावलेलं. हाउसिंगच्या आधी आणि नंतर एकेक टीडीएस मोजता आला पाहिजे. शेवटी झाकणाचा फूड-ग्रेड ड्रम आणि त्यात फ्लोट व्हॉल्व्ह, नाहीतर रात्रीत घरभर पाणी. मिनरल, अल्कलाइन, कॉपर, जे काही असेल ते टीच्या पुढे पिण्याच्या बाजूला राहतं, घरच्यांची चवही बिघडत नाही. जमत असेल तर सरळ वेगळं आरओ-डीआय युनिट घ्या. निदान त्याला सर्व्हिसवाल्याचा हात लागत नाही.

रेझिन संपत आलं की त्याने आधी पकडलेली कमजोर बंधाची सिलिका सगळ्यात पहिली सुटते. बाहेरचा टीडीएस ० वरून १ झाला की रेझिन बदला, ५ होईपर्यंत थांबू नका. मेंब्रेनचा आकडा वीसऐवजी दहा असेल तर रेझिन जवळजवळ दुप्पट टिकतं, म्हणून पैसे मेंब्रेनवर घाला.

सोलापूरपुरती आणखी एक गोष्ट. मेंब्रेनची क्षमता २५ अंशांच्या पाण्यावर ठरवलेली असते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. गरम पाण्यात मेंब्रेनमधून धार जोरात येते आणि क्षारही जास्त सुटतात. ड्रम पहाटे भरा. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्यामुळे युनिट बंद पडून राहतं, आणि बंद असताना मेंब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार समान होत जातात. म्हणून सुरू केल्यावर पहिले एकदोन लिटर रेझिनमध्ये न सोडता बादलीत घ्या. वाया जाणारं पाणी फरशीला, संडासाला वापरा. झाडांना नको, त्यातले क्षार कच्च्या पाण्यापेक्षाही जास्त असतात.

पाणी ठीक झालं की उरलेले उपाय लागू पडतात. आधी शेवाळ ओळखा. गुळगुळीत केसांसारखं असेल तर साधं हेअर अल्गी. नीट पाहिल्यावर पिसासारखी किंवा नेच्यासारखी पानं दिसली तर ब्रायॉप्सिस, ते गोगलगायी सहसा खात नाहीत. ब्रायॉप्सिसवर फ्लुकोनॅझोल चालतं: लिटरला ५ मिलिग्रॅम. दगड-वाळू वजा जाता १८० लिटर पाणी असेल तर ९०० मिलिग्रॅम, म्हणजे १५० च्या सहा गोळ्या. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. गोळ्या कुटून आरओ पाण्यात विरघळवा, कार्बन आणि जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) काढून ठेवा, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप काढा पण हवा चालू राहू द्या. दोन ते तीन आठवडे पाणी बदलायचं नाही, मग २५ टक्के बदलून कार्बन परत लावायचा. मरणारं शेवाळ साचलेलं सगळं पाण्यात सोडतं, म्हणून औषध टाकण्याआधी हाताने जितकं निघेल तितकं काढा.

सुटा दगड बाहेर काढता येत असेल तर टँकच्याच पाण्याच्या बादलीत धरून टूथब्रशने घासा. मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साईड बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं. त्यात तेवढंच आरओ पाणी घाला, म्हणजे ३ टक्के झालं. ते ब्रशने फक्त शेवाळावर लावा, तीन मिनिटं थांबा, खाऱ्या पाण्यात खळबळून परत ठेवा. क्लीनर श्रिंपला पेरॉक्साईड सोसत नाही, थेट टँकमध्ये ओतू नका. दगडावर झोआ असतील तर हातमोजे आणि चष्मा घालूनच घासा. काही झोआंत पॅलिटॉक्सिन असतं, त्याचा तुषार डोळ्यात गेला तर दवाखानाच. असा दगड उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नका, वाफही घातक ठरते. नवा दगड घ्यायची वेळ आली तर ड्राय रॉक किंवा सिरॅमिक घ्या. आपल्या समुद्रातून काढलेलं प्रवाळ विकणं-घेणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

शून्य टीडीएसचं पाणी सुरू झाल्यावर लगेच निकाल मागू नका. चुनखडीचा दगड इतके महिने फॉस्फेट शोषत बसलेला असतो, पाण्यातलं कमी झालं की तो ते परत सोडू लागतो. या काळात जीएफओ लागतो. सुरुवात लिटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको, रिअ‍ॅक्टरमध्ये दाणे नुसते हलतील एवढाच प्रवाह, आणि फॉस्फेट परत वर चढू लागलं की दाणे बदलायचे. मोजायला पीपीबी (पीपीएमचा हजारावा भाग) दाखवणारा डिजिटल चेकर हवा, रंग जुळवायच्या बाटल्या या पातळीवर काही सांगत नाहीत. तुमचा चेकर फॉस्फरस दाखवत असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणा, तेव्हा फॉस्फेट मिळतं.

शेवाळ फिकट होऊन चिमटीत सहज सुटायला लागलं की दगड रिकामा होत आला असं समजा. तिथून पुढे लक्ष उलट्या बाजूला ठेवायचं: फॉस्फेट ०.०३ पीपीएमच्या खाली गेलं तर जीएफओ काढून टाका, नायट्रेट ५ च्या आसपास राहू द्या. दोन्ही शून्यावर नेलीत तर वाळूवर बुडबुडे अडकलेली तपकिरी, शेंबडासारखी लांब तार दिसू लागेल. ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव. तेव्हा पाणी बदलणं थांबवा आणि माशांचं खाणं वाढवा.