क्रिएटिनिन नॉर्मल आलं, पेढे घ्या

आमच्याकडे दुकानातून साखर आणणं म्हणजे जरा कमीपणाच. कारखान्याचं कार्ड दाखवलं की सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळते. घरात पोतं उभं असताना चमचे कोण मोजणार? पाहुण्याला फिका चहा दिला तर घरची बाई चिक्कू ठरते.

या उसाच्या पट्ट्यातच एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं हाताला कापूस दाबून धरतच समोरच्या गाड्यावर जातात आणि कडक-गोड चहा मागवतात. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे रक्त गरगर फिरवून वेगळं करणाऱ्या यंत्रातून, नळी काढली की वरचं सिरम, म्हणजे रक्तातलं पाणी, पिवळसर, पारदर्शक दिसायला हवं. काहींचं दुधासारखं पांढरट येतं. ती ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी. तिला दारू, मधुमेह, आनुवंशिकता अशी बरीच कारणं असतात, पण साखरही त्यातलीच. साखर निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज. फ्रुक्टोज बहुतेक यकृतातच जातं आणि जास्त झालं की तिथे त्याची चरबी बनते. युरिक ॲसिडही वाढतं. अमेरिकेतल्या 2014 सालच्या एका मोठ्या अभ्यासात, रोजच्या उष्मांकाचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त वरून घातलेल्या साखरेतून घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण, दहा टक्क्यांपेक्षा कमी घेणाऱ्यांच्या पावणेतीन पट दिसलं होतं.

तर आमचे थोरले काका. शुगर जुनी, गोळ्या चालू. परवा रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा कचरा, तपासून पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "क्रिएटिनिन नॉर्मल! किडनी ठणठणीत आहे बघ."

मी पेढा घेतला, काकांना नाही कसं म्हणणार. मग विचारलं, "लघवीतलं अल्ब्युमिन कधी तपासलंत?"

"ते आणि कशाला?"

एकेका किडनीत साधारण 10 लाख बारीक गाळण्या असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्यांच्यावर ताण येतो, त्या गळायला लागतात आणि रक्तात राहायचं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत उतरतं. दुखत नाही, खुपत नाही. क्रिएटिनिन फार उशिरा बोलतं. किडनीचं बरंच काम गेलं तरी ते नॉर्मल दिसू शकतं. लघवीतल्या या दोन्हींचं प्रमाण, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, मात्र आधी सांगतो. तो 30 (मिलिग्रॅम/ग्रॅम) च्या आत हवा. वर गेला तर हृदयाचीही काळजी घ्यायला हवी, कारण तिथल्या रक्तवाहिन्याही त्याच साखरेत भिजलेल्या असतात. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा ही तपासणी करावी, एवढं साधं आहे. तरी दर महिन्याला शुगर तपासणारे लघवीची बाटली दिली की कुरकुरतात.

काकांचा रेशो 30 च्या वर आला. एका तपासणीवर शिक्का मारत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा करायला सांगितलंय आणि किडनीला जपण्यासाठी बीपीच्या गोळ्या बदलल्यात.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरची साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असलेली उत्तम, म्हणजे सहा चमचे. काकांच्या एका कपात दोन, आणि कप चार. हा हिशेब काकूंनी ऐकला आणि दुसऱ्या दिवसापासून गुळाचा चहा सुरू केला. गुळातही मुख्यतः तीच साखर, हे सांगितल्यावर दोघंही माझ्यावरच रुसले. कार्डावरची साखर मात्र अजून पूर्ण उचलतात. विचारलं तर म्हणतात, "हक्काची आहे, सोडायची कशाला?"