आमची वाटचाल : कापसाच्या ट्रॉलीपासून कॅम्पिंगच्या ट्रेलरपर्यंत

आमचं घर ट्रॉलीवर चाललं. परतवाड्यात बाबांचं वेल्डिंगचं वर्कशॉप. दसरा जवळ आला की तिथं पाय ठेवायला जागा नसायची, कारण कापूस वेचणीला यायच्या आत ज्याला त्याला ट्रॉली हवी असायची. चॅनेल, अँगल, पत्रा आणि पाटे यांच्या जोरावर त्यांनी आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. भाऊ त्यांच्याच हाताखाली तयार झाला. मी अमरावतीला कॉलेजात असताना सायकलच्या नादी लागले. आता भाऊ कॅम्पिंगचे ट्रेलर, म्हणजे कारच्या मागे जोडून न्यायच्या झोपायच्या खोल्या, बनवतो आणि मी ते, सोबत माउंटन बाईक, भाड्यानं देते.

परतवाड्याहून चिखलदरा सुमारे 30 किलोमीटर. विदर्भातलं हे एकमेव थंड हवेचं ठिकाण, पण बहुतेक कुटुंबं भीमकुंड बघतात, गाविलगडावर चक्कर मारतात, खवा घेतात आणि अंधार पडायच्या आत घाट उतरतात. राहायचं म्हटलं की अडचण घरातल्या मोठ्यांची. तंबूत जमिनीवर झोपलेल्या आजीला सकाळी गुडघे उठू देत नाहीत. मग आजी घरी, तिच्या सोबतीला आई घरी, आणि सहलीला बाप-लेक तेवढे. हे आम्हाला मोडायचं होतं. म्हणून आमच्या ट्रेलरमध्ये पलंग खुर्चीच्या उंचीचा आहे, पायरी रुंद आहे, धरायला दांडी आहे आणि कमोड आहे.

बाबांचं ज्ञान इथं खरं कामाला आलं. दोन चाकांच्या ट्रॉलीत कापूस मागच्या बाजूला जास्त भरला, की हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. कारच्या मागच्या ट्रेलरचंही तेच, फक्त वेग जास्त असल्यामुळे धोका मोठा. मागचा भाग जड झाला की ट्रेलर डावी-उजवीकडे डुलायला लागतो. म्हणून ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर यायला हवा, हे आमचं पक्कं गणित. 60 लिटर पाण्याची टाकी म्हणजे 60 किलो. ती आम्ही बरोबर धुऱ्यावर, म्हणजे चाकांच्या आसावर, बसवतो. चार सायकली मिळून जवळपास तेवढंच वजन. त्या मागे लटकवलेल्या छान दिसतात, ग्राहक मागतातही तशाच, पण आम्ही त्यांचा स्टँड पुढच्या दांड्यावरच करतो. ट्रेलर निघायच्या आधी भाऊ हुकाखाली धान्याचा काटा लावून वजन बघतो. बाबा शेजारी उभे असतात आणि आकडा दिसायच्या आधीच तो सांगतात.

घाटाची गोष्ट वेगळी. उतारावर ट्रेलर गाडीला मागून रेटतो, म्हणून आमच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक आहे. गाडीचा वेग कमी झाला की जोडावरचा दांडा आत दाबला जातो आणि ट्रेलरची चाकं आपोआप धरली जातात. तरीही ज्यांना ओढायची सवय नाही त्यांच्या हाती आम्ही तो घाटात देत नाही. आमची बोलेरो तो वर नेऊन लावते, मंडळी आपल्या गाडीनं मागून येतात. ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंदणी लागते, कारण कायद्यानं ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. नोंदणी नसलेला ट्रेलर स्वस्तात मागणाऱ्यांना आम्ही हात जोडतो.

सायकलींच्या बाजूनं आमचा खरा सामना सराट्याशी. सराट्याचं वाळलेलं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर राहतोच. शेतांमधल्या पांदणीच्या कडेला बाभळीचे काटे वेगळे. साध्या ट्यूबवर सकाळच्या एका फेरीत सगळं कुटुंब पंक्चर काढत बसायचं. आता सगळ्या सायकली ट्यूबलेस आहेत. टायरच्या आत पातळ रबरी द्रव असतो. काटा लागला तर तो उपटायचा, भोकाची बाजू खाली ठेवून चाक फिरवायचं, पांढरा थेंब बाहेर येतो आणि तिथंच सुकून भोक बुजतं. मुलांना हे बघायला इतकं आवडतं, की ती काटे शोधत फिरतात. आपल्या उन्हाळ्यात हा द्रव लवकर सुकतो, म्हणून हंगामाच्या आधी प्रत्येक टायर उघडून आम्ही तो नव्यानं भरतो.

सायकली कुठं चालवायच्या, याबद्दल आम्ही कडक आहोत. मेळघाट 1973 साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. त्या जंगलात आम्ही सायकल घालत नाही. आमचे रस्ते म्हणजे पांदणी, गावाकडच्या मुरमाड वाटा आणि ज्यांनी परवानगी दिली त्या शेतांचे बांध. अंधार पडायच्या आत सगळे ट्रेलरपाशी. मुक्कामही शेतमालकाच्या जागेत, त्याला ठरलेलं भाडं देऊन. पावसाळ्यात पूर्ण बंद, कारण काळी माती चाकाला अशी बसते की चाक फ्रेममध्ये फिरतच नाही.

मागच्या हिवाळ्यात अकोल्याचं एक कुटुंब आलं होतं. आजी उतरल्या उतरल्या मला म्हणाल्या, "पोरी, स्वयंपाकाचा ओटा छान आहे तुझा, पण गोवऱ्या कुठं मिळतील ते सांग." शेतमालकाच्या काकूंनी गोवऱ्या दिल्या. सून आणि नातवंडं सायकली घेऊन पांदणीनं गेली, मुलगा आईच्या हाताखाली कणीक मळत राहिला. मंडळी परत आली तेव्हा राखेतून रोडगे निघत होते आणि वांग्याची भाजी तयार होती. काकूंनाही आजींनी पंगतीला बसवलं. असं जेवण झालं की आमचा ट्रेलर कामाला आला असं मी समजते.

सध्या वर्कशॉपमध्ये व्हीलचेअर आत जाईल असा रुंद दाराचा ट्रेलर उभा राहतोय. दार रुंद केलं की त्या बाजूची चौकट कमजोर होते, म्हणून भाऊ खालून आडवं चॅनेल देतोय. रंग अजून लावलेला नाही. ज्यांना घ्यायचा किंवा भाड्यानं हवा आहे त्यांनी रंगाच्या आधी येऊन वेल्डिंगचे सांधे डोळ्यांनी बघावेत, अशी आमची इच्छा आहे. बाबा सकाळी तिथंच असतात.