आमची वाटचाल : तपकिरी ॲनिमोन आणि साधी ट्यूबलाइट

कुर्ल्याहून निघालेला थर्माकोलचा खोका कसारा घाट चढून नाशकात येईपर्यंत पिशवीतला ॲनिमोन, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, आक्रसून मुठीएवढा झालेला असतो आणि त्या गोळ्याकडे पाहून त्याचा रंग ठरवायचा नसतो, एवढी गोष्ट शिकायला आम्हाला दोन वर्षे लागली आणि पैसेही बरेच लागले. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत २००३ साली दहा बाय बाराचा गाळा घेतला, तेव्हा गोल्डफिश, गप्पी आणि फ्लॉवरहॉर्न यांवर भाडे निघत असे. समुद्री टाक्या लावल्या त्या २००६ मध्ये, ॲनिमोनच्या आश्रयाने राहणाऱ्या क्लाऊन माशासाठी. आणि क्लाऊन घेतला की गिऱ्हाईक ॲनिमोन मागणारच.

आमची हत्यारे तेव्हाही साधी होती आणि आजही तीच आहेत. पिशवीतल्या पाण्यात टाकीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळण्यासाठी औषधाच्या दुकानातून आणलेला सलाईनचा सेट, क्षारता पाहण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर (१.०२५ च्या आसपास रेघ आली नाही तर पुढचे काही करू नये), एक पांढरा प्लॅस्टिकचा टब आणि टबावर छताला लावलेली साधी पांढरी ट्यूबलाइट. या चारांपैकी ट्यूबलाइटला मी सर्वांत वरचे स्थान देतो. निळ्या दिव्याखाली ॲनिमोन पाहणे म्हणजे लग्नाच्या मांडवात, रंगीत झोतांखाली, साडीचा रंग पारखणे होय. निळ्या प्रकाशात अंगातली चमकणारी हिरवी-नारिंगी रंगद्रव्ये पेटून उठतात, आणि ज्याच्या अंगात राहणारे तपकिरी शैवाल गेले आहे तो फिकट ॲनिमोन तर निरोगी ॲनिमोनपेक्षाही जास्त झळकतो, कारण त्या झळाळीवर आवरण घालणारा तपकिरी थरच उरलेला नसतो.

हा तपकिरी रंग म्हणजेच ॲनिमोनची प्रकृती. त्याच्या ऊतींमध्ये झूक्झँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशावर साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देते. पाणी तापले, प्रकाश तुटला किंवा वाहतुकीत हाल झाले की ॲनिमोन हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. मेलेला नसतो, पण उपाशी असतो. म्हणून बदामी, तपकिरी, हिरवट-तपकिरी या छटा आम्ही चांगल्या मानतो, टोके जांभळी असली तर आनंदच, पण टोकांखालचे अंग दुधासारखे किंवा काचेसारखे आरपार असेल तर तो प्राणी सुंदर नसून आजारी आहे, असे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. रोझ बबल टिपसारखे लालसर ॲनिमोनही पांढऱ्या प्रकाशात पाहिले की त्या लालीच्या मागे तपकिरी झाक असते. ती नसेल तर लालीवर विश्वास ठेवू नये.

हे ज्ञान आमच्याजवळ २००८ च्या उन्हाळ्यात असते तर पुढचा प्रसंग ओढवला नसता. मुंबईतल्या एका दलालाने सेबी जातीचे चौदा ॲनिमोन निम्म्या भावात देऊ केले. पांढरेशुभ्र अंग आणि जांभळी टोके पाहून आम्ही ‘असा माल नाशकात कोणी पाहिलेला नाही’ या अभिमानाने सगळे उचलले आणि एकाच संपला (खालच्या फिल्टर टाकीला) जोडलेल्या चार टाक्यांत सोडले. त्यात भारनियमनाचे दिवस, इन्व्हर्टर एकच, आणि त्यावर पंप चालवायचा की पाणी थंड ठेवणारा चिलर, याचा निर्णय रोज नव्याने करावा लागे. नवव्या दिवशी पहिला ॲनिमोन विरघळला. ॲनिमोन मरतो तेव्हा माशासारखा तळाशी पडून राहत नाही, त्याचा चिकट लगदा होऊन पाणी नासते. फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणाऱ्या स्किमरच्या कपातून काळपट फेस वर येऊ लागला, अमोनिया चढला आणि दोन रात्रींत क्लाऊन, डॅमसेल आणि एकुलता एक पिवळा टँग हे मासे गेले. चौदांपैकी तीन ॲनिमोन वाचले. गाळ्याचे तीन महिन्यांचे भाडे थकले होते, म्हणून चिलर विकावा लागला.

तो चिलर कोणी घेतला, हे मला नंतर कळले. मध्यस्थामार्फत तो गेला आमच्यापासून चार दुकाने पलीकडे नव्याने सुरू झालेल्या दुकानात. तिथे भिंतभर निळे दिवे होते आणि त्या दिव्यांखाली लिंबासारखे पिवळे व गडद गुलाबी ॲनिमोन आमच्या भावाच्या पाऊणपट किमतीत विकले जात होते. ते रंगवलेले होते. पांढऱ्या पडलेल्या ॲनिमोनला रंग चढवून विकण्याची ही लबाडी या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे, आणि ओळखायला अवघडही नाही: शेंड्यापासून बुंध्यापर्यंत, तोंडासकट, एकच सपाट छटा दिसते, आणि कधी कधी पिशवीतल्या पाण्यालाही तो रंग उतरलेला असतो. काही आठवड्यांत रंग जातो आणि खालचा पांढरा उपाशी प्राणी उघडा पडतो. पण आमच्या दुकानात येऊन ‘तुमचे ॲनिमोन मळकट का?’ असे विचारणाऱ्यांना हे सांगून पटत नसे. तिथे घेतलेला ॲनिमोन मेल्यावर त्यांतलेच काही जण आमच्याकडे येऊन ‘या प्राण्यांत काही राम नाही’ म्हणून टाकीच विकायला काढत. त्यांच्यापैकी एकानेही कधी ‘तुमचे बरोबर होते’ असे म्हटले नाही. मी वाट पाहिली होती, हे कबूल करतो.

त्या वर्षी दुकान तगले ते गंगापूर रोडला राहणाऱ्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांमुळे. वाचलेल्या तीन ॲनिमोनपैकी एक त्यांनी मागितला. मी फुकट देतो म्हणालो, तर सरांनी पूर्ण किंमत टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “आजारी आहे हे सांगून दिलात ना, मग पैसे घ्या.” त्यांची टाकी दीड वर्षाची, मुरलेली होती. प्रकाश त्यांनी एकदम न देता हळूहळू वाढवला, आठवड्यातून दोनदा कोळंबीचा नखाएवढा तुकडा दिला, आणि दर रविवारी दुपारी पांढऱ्या प्रकाशात पाहून त्याच्या अंगाचा रंग जलरंगात एका कार्डावर एक इंच चौकोनात उतरवला. पहिला चौकोन जवळजवळ कोरा कागदच आहे. सातव्यात किंचित साय आली आहे. तेराव्यापासून रॉ सिएना (पिवळसर तपकिरी), आणि बाविसावा सरळ रॉ अंबर (गडद तपकिरी). ते कार्ड लॅमिनेट करून टबाच्या वर लावले आहे. माल उतरवताना आम्ही आजही आधी त्याकडे पाहतो आणि नवव्या चौकोनापेक्षा फिकट असलेला ॲनिमोन विक्रीच्या टाकीत जात नाही.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, रंग चांगला दिसला तरी घाई करू नये. तोंड मिटलेले हवे. सैल, उघडे, आतले बाहेर आलेले तोंड असेल तर रंग कितीही तपकिरी असो, घेऊ नये. तळपाय दगडावर किंवा काचेवर घट्ट बसलेला असावा, आणि तो आमच्यासमोर सोडवून घ्यावा, कारण ओढून काढताना फाटलेला पाय घरी नेल्यावरच लक्षात येतो. ॲनिमोन दिवसातून एखादे वेळी आक्रसून घाण टाकतो, तेव्हा एकदाच पाहून नापसंतही करू नये. तासाभराने पुन्हा यावे. आणि नाशिकच्या डिसेंबरात हीटरशिवाय समुद्री टाकी ठेवणाऱ्यांनी तर ॲनिमोनचा विचारच करू नये.

पुढची बारा-तेरा वर्षे बरी गेली. पलीकडचे दुकान मात्र करोनानंतर बंद झाले आणि सामान विकायला निघाले. आम्ही चिलर पाहायला गेलो. नळीवर आम्ही लावलेला, एका बाजूला वाकलेला क्लॅम्प तसाच होता. विकला होता त्याच्या एक तृतीयांश भावात तो परत घेतला. गॅस मात्र भरून घ्यावा लागला.