लंगोट कोण धुणार?

बाळ होणार म्हटल्यावर लिंका यायला सुरुवात होते. ऑरगॅनिक कॉटनचा नवजात सेट, बांबूचे वाइप्स, गव्हाच्या कोंड्याची ताटली, लाकडी खुळखुळा, सगळ्यावर हिरवं पान छापलेलं आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या खोक्यात. पाठवणारे प्रेमाने पाठवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मला राहून राहून वाटत होतं की बाळ पर्यावरणाला जपून वाढवायचं म्हणजे काय विकत घ्यायचं हा प्रश्न पहिला नाहीच. पहिला प्रश्न हा की रोज जे काम वाढणार आहे ते कोण करणार. कारण डायपर हे मुळात श्रम वाचवायला विकत घेतलेली वस्तू आहे, आणि ती नको असेल तर तेवढे श्रम घरातल्या कोणाला तरी करावे लागणार. आमच्या घरात कापडी लंगोट मला हवे होते, म्हणून ते धुवायचे मी असं आम्ही बाळ यायच्या आधीच ठरवलं.

हे एवढं सविस्तर सांगतोय कारण कापडी लंगोटांवर बोलताना लोक लगेच "आमच्या आज्यांच्या काळी कुठे होते डायपर" इथपर्यंत येतात. नव्हते, खरं आहे. पण तेव्हा पहाटे उठून थंड पाण्यात ढीगभर लंगोट आणि दुपटी धुणारे हात घरातल्या बाईचेच होते ना. आजी, काकू, नाहीतर बाळंतिणीला सव्वा महिना झाला की ती स्वतः. आज बाळंतीण सिझेरियनचे टाके सांभाळत रात्रभर दर दोन तासांनी उठून दूध पाजतेय आणि तिच्यापुढे आपण निसर्गप्रेमाची बादली ठेवायची, हे मला पटत नाही. ती दमून डायपर लावत असेल तर तिला कोणी शब्दाने दुखवू नये. घरातल्या पुरुषाला पर्यावरणाची काळजी वाटत असेल तर त्याच्या हाताला दोन्ही वेळा साबण लागला पाहिजे.

आता मुख्य म्हणजे हे काम वाटतं तेवढं भयंकर नाही, पण त्याची एक पद्धत बसवावी लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत बाळ दिवसाला दहा-बारा वेळा किंवा जास्तच ओलं करतं, त्यामुळे तीसेक लंगोट हाताशी असले की निभतं. विकतचे नकोत असं नाही, पण आईच्या जुन्या सुती साड्या आणि बाबांची धोतरं फाडून शिवलेले तिकोनी नाडीवाले लंगोट जे काम देतात ते नवीन कापड देत नाही, कारण नव्या कापडाला खळ असते, चार-सहा धुण्या झाल्याशिवाय ते पाणी नीट शोषत नाही. बाहेर जाताना वॉटरप्रूफ कव्हर आणि आत इन्सर्टवाले, म्हणजे ओलं शोषणारी काढता-घालता येणारी घडी असलेले, नवे कापडी डायपर आहेत, तेही चांगले आहेत, फक्त आम्ही थोडेच घेतले आणि त्यातलेही काही एका मैत्रिणीच्या घरून आले.

शी झालेला लंगोट संडासातल्या जेट स्प्रेने तिथल्या तिथे धुवायचा, म्हणजे घाण जिथे जायला पाहिजे तिथेच जाते. मग झाकणाच्या बादलीत. संध्याकाळी एकदा नुसत्या पाण्यात खळबळून ठेवायचे आणि सकाळी मशीनला, साधी पावडर, तीही मोजून. कपडे मऊ करणारं लिक्विड अजिबात नको, त्याचा थर बसला की लंगोट पाणी शोषायचं सोडतो. डेटॉलच्या बादलीत भिजवायचीही गरज नसते, नीट धुतलं आणि कडक उन्हात वाळवलं की भागतं. पिवळे डाग तर उन्हानेच जातात, ओले असतानाच वाळत घालायचे. आणि बाळाला लाल पुरळ येऊ नये म्हणून सगळ्यात मोठा उपाय म्हणजे ओलं झालं की लगेच बदलणं. कोरडं पुसून थोडा वेळ मोकळं सोडणं. वाइप्सच्या जागी कोमट पाणी आणि मऊ फडकं.

माझी आई साताऱ्याहून आली होती, तिला पहिले काही दिवस हे बघवेना. "अरे तू कशाला धुतोस, मी आहे ना" हे वाक्य रोज. मी म्हटलं आई तू नातीला मांडीवर घे, ते मला तुझ्यासारखं जमत नाही, हे जमतं. मग तिनेच मला पायावर घ्यायचं शिकवलं, म्हणजे दूध पिऊन झालं की किंवा झोपेतून उठली की आपल्या दोन पावलांवर बाळाला हळूच बसवून तोंडाने सू सू आवाज करायचा, मान आणि पाठ नीट धरून. मान धरायला लागल्यावर आम्ही हे सुरू केलं आणि लंगोट चांगलेच कमी भरायला लागले. यात बाळाला शिस्त लावायची नसते, रागवायचं तर नाहीच, वेळ ओळखायची असते. बाहेरच्या देशांत आता यावर कोर्स निघालेत आणि आपल्याकडे हे ज्ञान प्रत्येक आजीकडे पडून आहे.

डायपरबद्दलही नीट माहिती असावी म्हणून सांगतो. वरचा आणि खालचा थर प्लास्टिकचा, मध्ये लाकडाचा लगदा आणि सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेट नावाची पावडर जी पाणी पिऊन जेली होते. हे सगळं एकमेकांना असं चिकटलेलं की वेगळं करून रिसायकल करणं फार अवघड, म्हणून ते पुरतात नाहीतर जाळतात. पण कापडी म्हणजे आपोआप चांगलं असंही नाही हं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली दोन्हींचा पूर्ण हिशोब मांडला होता आणि त्यात असं निघालं की कापडी लंगोटांचा फायदा ते तुम्ही कसे धुता यावर ठरतो. मशीन भरून लावलं, ड्रायर न वापरता दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले तर तापमानवाढीवरचा परिणाम नेहमीच्या कापडी वापराच्या मानाने ४० टक्क्यांनी कमी होतो, आणि सारखं गरम पाणी आणि ड्रायर वापरला तर फायदा संपतो. आपल्याकडे दोरी, ऊन आणि एकाचं दुसऱ्याला देणं हे तिन्ही आधीपासून आहे, म्हणून मला हे इथे जास्त पटतं.

पावसाळ्यात मात्र खरी परीक्षा. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये लंगोट दोन दोन दिवस दमट राहतात आणि दमट लंगोट बाळाला लावणं हे डायपरपेक्षा वाईट. आम्ही पंख्याखाली स्टँड लावला, वर इस्त्री फिरवली, आणि तरीही पुरत नव्हते तेव्हा रात्रीला एक डायपर लावला. प्रवासातही लावतो. याने आमचं व्रत मोडलं असं मला वाटत नाही, व्रत नव्हतंच ते. दिवसाचे सगळे डायपर वाचले आणि रात्री बायकोला सलग झोप मिळाली, दोन्हीला सारखीच किंमत आहे.

पण तो एक डायपर टाकताना तरी माणसाने विचार करावा. पुण्यात घरोघरचा कचरा 'स्वच्छ'च्या ताई-दादा नेतात, कचरावेचकांचीच ही सहकारी संस्था, २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते, आणि तिच्या मागे १९९३ पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे. सुका कचरा या ताई हाताने निवडतात. त्यांचं घर त्यावर चालतं. त्यात कोणीतरी शीचा डायपर चिप्सच्या पाकिटांबरोबर कोंबलेला असतो. त्यांचं मागणं किती साधं आहे बघा, डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि वेगळं द्या, म्हणजे न उघडता कळेल. २०१६ च्या घनकचरा नियमांतही असा कचरा गुंडाळून वेगळा देणं ही आपली जबाबदारी आहे असं लिहिलं होतं आणि त्यासाठी पाकीट किंवा वेष्टन देणं ही कंपन्यांची. आमच्या बिल्डिंगमध्ये मी लिफ्टजवळ एक जुनं वर्तमानपत्र आणि लाल स्केचपेन दोरीला बांधून ठेवलंय. त्यात शी आधी संडासात टाकावी ही माझी स्वतःची जोडविनंती.

आता आजीच्या पोतडीबद्दल. जुनं ते सगळं नैसर्गिक आणि नैसर्गिक ते सगळं बाळाला चांगलं, हे मला अजिबात मान्य नाही. जन्मल्या जन्मल्या सोनं उगाळून मधाबरोबर चाटवतात, ते आम्ही केलं नाही. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्याला ते झेपत नाहीत, म्हणून वर्षभर मध बंद, कितीही शुद्ध असला तरी. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही, त्यामुळे गुटीही नाही. काजळ नाही, कारण बाजारातल्या काही काजळ-सुरम्यात शिसं सापडलेलं आहे आणि घरचं असलं तरी डोळ्यात बोट जातंच. धुरी तर नाहीच नाही, ओवा आणि शेपा कितीही गुणकारी असले तरी धूर तो धूर, त्या एवढ्याशा छातीत का भरायचा. मालिशवाल्या मावशींना ठेवलं, पायावर घेऊन घातलेली आंघोळ लेकीला फार आवडायची, पण नाकाकानात तेल सोडायचं नाही हे आधीच हात जोडून सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. आईला थोडं लागलं मनाला. डॉक्टरांनी तिच्यासमोर समजावून सांगितल्यावर ती शांत झाली, आणि पुढे शेजारच्या घरात तिनेच धुरी थांबवली.

दुधाचं म्हणाल तर आईच्या दुधाला ना डबा, ना पॅकिंग, ना गॅस. पण ते फुकट नसतं, आईच्या अंगातून आणि वेळातून येतं. २०१७ पासून कायद्याने २६ आठवडे बाळंतपणाची रजा आहे म्हणून माझ्या बायकोला सहा महिने पाजता आलं, जिला रजाच नाही तिने काय करावं. आणि बापाला खासगी नोकरीत अशी रजा देणारा कायदाच नाही, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात तेवढंच. मी माझी हक्काची रजा तुकड्या तुकड्यांत काढली. दूध पुरत नसेल तर मिल्क बँकेबद्दल, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध जिथे साठवतात तिच्याबद्दल, डॉक्टरांना विचारा, हे दूध मुख्यतः नाजूक आणि कमी दिवसांच्या बाळांसाठी असतं, आणि आशियातली पहिली मिल्क बँक आपल्या मुंबईतच, सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलं तर तेही द्यावं, बाळ उपाशी ठेवून कुठलं पर्यावरण वाचत नाही.

बायको कामावर जायला लागल्यावर काढून ठेवलेलं दूध मी बोंडल्याने, म्हणजे नळीवाल्या छोट्या भांड्याने, आणि वाटी-चमच्याने पाजायचो. बाटली घेतलीच नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं होतं की पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत गरम पाण्याने दूध बनवलं की लिटरमागे लाखो, कधी कोटीच्या वर सूक्ष्म प्लास्टिक कण सुटतात. बोंडलं उकळून स्वच्छ होतं, त्याच्या नळीत काही अडकलेलं दिसत नाही ना एवढं बघायचं, आणि बाळाला थोडं उभं धरून हळू पाजायचं. वेळ लागतो. मला तो वेळ आवडायचा.

सहा महिन्यांनंतर नाचणी. भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, किंचित भाजून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. मोड का आणायचे तर मोडामुळे पिठातला स्टार्च मोडतो, मग सत्त्व शिजवल्यावर पातळच राहतं आणि एवढ्याशा वाटीत जास्त पीठ, म्हणजे जास्त ताकद मावते. शिवाय लोह आणि कॅल्शियम अंगी लागायला मदत होते, आणि नाचणीत १०० ग्रॅमला तीनशे मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. पुढे मऊ भात, घट्ट वरण, तूप, उकडलेला लाल भोपळा, केळं, वाफवलेलं अंडं. मीठ-साखर वर्षभर नाही. हळद आम्ही सांगलीची हळकुंडं आणून घरी दळतो, कारण सुट्या हळद पावडरीत पिवळ्या रंगासाठी लेड क्रोमेट या शिशाच्या रंगाची भेसळ सापडलेली आहे आणि शिसं हा बाळाच्या मेंदूचा मोठा वैरी. याच कारणाने जुना रंगवलेला पाळणा मिळत होता तो नाही घेतला. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या शेवटी लागू झाला, त्याआधीचा रंग कसला आहे सांगता येत नाही आणि रांगणारं बाळ काठ चावतंच. त्याऐवजी साडीची झोळी बांधली, आणि जवळ कोणीतरी जागं असल्याशिवाय तिला त्यात ठेवली नाही.

बाकी कपडे, झबली, टोपडी, गोधड्या सगळं वापरलेलं. मामेबहिणीच्या मुलाचं आमच्याकडे आलं, आमच्याकडचं आता बायकोच्या ऑफिसातल्या एका मुलीकडे चाललंय, लंगोटांसकट, फक्त विटलेले सोडून. ती परवा फोनवर विचारत होती की बारशाला लोक काय देऊ विचारतायत, काय सांगू. मी म्हटलं कपडे नको सांग. एक कपडे वाळत घालायचा दणकट स्टँड माग, आणि जवळच्या दोघा-तिघांना सांग की पहिले दोन महिने आळीपाळीने रात्रीचा डबा आणा. नवऱ्याला फोन दे म्हटलं. त्याला मी जेट स्प्रेपासून इस्त्रीपर्यंत सगळं समजावलं, तो लिहून घेत होता, आणि त्याचा पहिला प्रश्न होता, मशीन रात्री लावायचं की सकाळी. सकाळी लाव, ऊन मिळतं.